तिचं नाव पारिजात कोणी ठेवलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही भंडारा जिल्ह्यात राहता आणि एक अद्भुत कादंबरी लिहिताय. तिच्यातल्या जंगलात झाडांना माणसांची नावं लक्षात राहतात. ज्याचं नाव झाडं विसरली तो वाट चुकतो. या जंगलात पारिजात नावाची चौदा वर्षांची मुलगी आहे. ती वैदूबाईच्या हाताखाली काम करते, तीनच प्रकरणांत येते, नायकाला रात्रीतून जंगलाच्या पार नेते आणि पहाटे नदीकाठी थांबते. पुढे जात नाही. मसुदा वाचलेल्या दोघांनी विचारलं, "ही कोणाची कोण?" म्हणून तुम्ही तिच्या घराण्याची नऊ पानं लिहिलीत. आता कादंबरी तिथेच रुतून बसली आहे. तुम्ही विचारता, ही पानं ठेवू की काढू, आणि फुलाचं नाव फार सिनेमातलं वाटतं का?

मी वीसेक वर्षं झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी नाटकं लिहितो आणि अलीकडे मुलांसाठी अद्भुत कादंबऱ्याही. ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळीनंतर धान घरात आलं की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून नाटक मंडळ्या निघतात आणि पार होळीपर्यंत गावोगावी रात्रभर प्रयोग चालतात. तिथे दोन प्रवेशांच्या पात्रालाही हजारो डोळे पाहतात. त्यामुळे छोट्या पात्राचं नाव आणि घर या गोष्टीवर मी माझ्या आयुष्यातला बराच वेळ घालवला आहे.

माझ्या मते तुमची अडचण पानांची नाहीच. तुमच्या वाचकांनी "कोणाची कोण" विचारलं ना, तो प्रश्न आपल्याकडे गावात शिरणाऱ्या प्रत्येक पोरीला ऐकावा लागतो. पारावर बसलेली म्हातारी विचारते, "कोनाची वं पोरी तू?" तिला वंशावळ नको असते. "टेकडीवरच्या दाईची नात" एवढं सांगितलं की ती "अस्सं!" म्हणते आणि सरकून बसायला जागा देते. तिला एक धागा हवा असतो, या पोरीला कुठल्या घराला बांधून ठेवायचं तो. तुमच्या वाचकांनीही तेवढंच मागितलं, आणि तुम्ही त्यांना अख्खं घराणं दिलंत.

नऊ पानांचा जो गोषवारा तुम्ही दिला आहे त्यात पणजोबा आहेत, राजाची चाकरी आहे, जळालेलं गाव आहे, हरवलेली आंगठी आहे, आणि चार वर्षांची पोर वैदूबाईच्या अंगणात येऊन पडते ते आहे. मी पुन्हा पुन्हा शोधलं, पण तिचं नाव पारिजात कोणी ठेवलं हे कुठेच नाही. नाव एका दिवशी सुचलं, घर दुसऱ्या दिवशी रचलं, आणि दोघांची गाठ पडलीच नाही. अडतंय ते इथे.

हा प्रश्न मला एका प्रेक्षक बाईने शिकवला. माझ्या एका नाटकात दाईची मुलगी होती. रात्री दिवा घेऊन येते म्हणून मी तिचं नाव निशिगंधा ठेवलं होतं आणि त्यावर खूश होतो. गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात पहाटे प्रयोग संपला, आम्ही चहाच्या टपरीवर उभे होतो. तेव्हा एक वयस्कर बाई जवळ आली आणि म्हणाली, "नाव बेस आहे बाबू, पर दाईच्या घरी हे फूल आनलं कोनं?" मला उत्तर देता आलं नाही. निशिगंध मूळचं मेक्सिकोचं, आपल्याकडे बहुतेक हारासाठी, बाजारासाठी लावलेलं. माझ्या नाटकातल्या त्या डोंगराकडेच्या झोपडीत ते आलं कुठून? झेंडूही मुळात तिकडचाच, पण तो आमच्या दसऱ्याचा झाला आहे, तोरणात, बैलांच्या गळ्यात आला आहे. तेव्हा फूल मूळचं कुठलं याला महत्त्व नाही. नाव ठेवणाऱ्या माणसाच्या हाताला ते कधी लागलं होतं का, एवढंच पाहायचं.

पुढच्या प्रयोगापासून मी तिचं नाव धायटी केलं. माघ-फाल्गुनात डोंगरउतारावर लालभडक फुलणारं हे झुडूप. पोरं त्याची फुलं तोडून तळाचा मध चोखतात. वैद्य लोक आसव-अरिष्टं आंबवायला तीच फुलं घालतात, म्हणजे औषधपाण्याच्या घरात या फुलाची पोती असतात. आईच्या तोंडी एकच वाक्य घातलं: "फुलं वेचता वेचताच कळा सुरू झाल्या, मंग दुसरं काय नाव ठेवू?" बस. आई काय करायची, ते घर कशावर जगत होतं, पोर कोणत्या महिन्यातली, सगळं त्या वाक्यात आलं. ती भूमिका करणाऱ्या मुलीने पुढे स्वतःहून पदराला दोन सुकी फुलं बांधायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं. नावातून तिला तेवढं कळलं होतं.

हे सगळं तुमच्या कादंबरीला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही, ते आधी कबूल करतो. ही मुलगी दुसऱ्या खंडात परत येणार असेल, त्या आंगठीवर पुढचं कथानक उभं असेल, तर नऊ पानांतलं बरंच लागेल, फक्त तिथे लागेल, इथे नाही. वाचक दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर नात्याचा धागा जरा ठळक द्यावा लागतो. मोठ्यांना सूचनेवर भागतं. आणि तुमच्या जगात आपले महिने, आपले देव, आपली फुलं आहेत की सगळंच कल्पिलेलं आहे, यावर तर अर्धं उत्तर अवलंबून आहे. प्रश्नातल्या तपशिलांवरून मी धरून चालतो की जंगल आपलंच आहे, फक्त त्याला स्मरणशक्ती दिली आहे.

आता नावाकडे येऊ. नाव ठेवणं ही आपल्याकडे घटना असते, त्याला वेळ असते, माणसं असतात. बारशाला आत्या कानात कुर्र करते. पंचांगातून अक्षर निघतं. काही घरी वारावरून हाक पडते: सोमा, मंगरू, बुधा. ज्यांची मुलं जगत नाहीत ते नजर लागू नये म्हणून उकंडा, कचरू, दगडू ठेवतात. विदर्भात उकंडराव नावाचा म्हातारा भेटला की त्याच्या आधी त्या घरात किती पाळणे रिकामे झाले असतील हे न विचारता कळतं. एका शब्दात आईबापाचं अख्खं दुःख. लेखकाला याहून जास्त काय हवं?

फुलांची नावंही अशीच येतात. शेवंता, चंपा, गुलाब, जाई. आणि फक्त बायकांचीच नाहीत बरं. अमरावती जिल्ह्यातले प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. नाव फुलाचं, आणि स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेत. म्हणजे एक घर जन्माचं आणि एक घर त्यांनी स्वतः निवडलेलं. माणसाला दोन घरं असू शकतात आणि तो दोन्हींची ओळख नावात वागवू शकतो, हे लक्षात ठेवा. तुमच्या पारिजातच्या बाबतीत मला ते पुढे लागणार आहे.

तुम्ही विचारलंत की फुलाचं नाव सिनेमातलं वाटतं का. फुलाचं म्हणून नाही वाटत. कोणीच ठेवलेलं नसेल तर वाटतं. दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्याच मातीतली. वऱ्हाडात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, कळीला पाती म्हणतात. तिचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग गळतं आणि मागे बोंड धरतं. पण पाऊस-ढगाळ लांबलं की फूल व्हायच्या आधीच पात्या झडतात. त्याला पातेगळ म्हणतात आणि कास्तकाराला त्या शब्दाने धडकी भरते. समजा, तुमच्या गोष्टीत पाती नावाची मुलगी आहे आणि ती पातेगळीच्या वर्षी जन्मली. शेतातलं गेलं, निदान घरातलं तरी टिको, असं मनात धरून बापाने ते नाव ठेवलं. आता मला सांगा, त्या बापाबद्दल आणखी एक पान लिहायची गरज आहे का?

दुसरं कळलावी. श्रावण-भाद्रपदात कुंपणावर चढणारी, वर वळलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची, ज्वाळेसारखी दिसणारी वेल. दिसायला इतकी देखणी की नवा लेखक नायिकेला हे नाव देऊन मोकळा होईल. पण तिचा कंद जहरी असतो, आणि कळलावी म्हणजे भांडणं लावणारी बाई हा अर्थ गावात प्रत्येकाला ठाऊक. हे नाव पोरीला माया करणारं माणूस ठेवणार नाही. ते कोणीतरी रागाने ठेवलं असेल, किंवा गावाने ठेवलं असेल. म्हणून ते वापरू नये असं नाही. वापरावं, पण मग त्या घरात तिच्या जन्माच्या वेळी काहीतरी पेटलं होतं हे लेखकाला माहीत असावं.

बाहेरचं एकच उदाहरण घेतो, कारण ते अगदी या मुद्द्यावर बोट ठेवतं. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये सॅम हा मुळात बागकाम करणारा माणूस. मोठा प्रवास करून गावी परततो, लग्न होतं, पहिली मुलगी होते. त्यांच्या गावात मुलींना फुलांची नावं ठेवायची रीत आहे. त्याच्या बायकोचं, रोझीचं नावही फुलाचंच. सॅमला नाव सुचत नाही तेव्हा त्या प्रवासातला त्याचा सोबती फ्रोडो त्याला एलानोर हे नाव सुचवतो. हे एल्फ नावाच्या अद्भुत लोकांच्या दूरच्या वनातलं सोनेरी फूल, दोघांनी त्या प्रवासात पाहिलेलं. मुलगी नंतर पानांवर फारशी दिसत नाही. पण तिच्या नावात गावाची रीत आहे, बापाची माळ्याची नजर आहे, त्याने पायी तुडवलेला मुलूख आहे, आणि नाव सुचवणाऱ्या मित्राशी असलेलं नातं आहे. वंशावळीचे तक्ते शेवटी परिशिष्टात आहेत. गोष्टीत आहे तो नाव ठेवण्याचा प्रसंग.

आता तुमच्या पारिजातकडे. प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा मला वाटलं होतं की नाव बदला म्हणून सांगावं. जंगलातल्या वैदूबाईच्या घरात हा पुराणातला शब्द कसा शिरला? तिच्या घरी धायटी शोभली असती. पण मग मी स्वतःलाच तो टपरीवरचा प्रश्न विचारला, फूल आणलं कोणी? आणि उत्तर मिळत गेलं.

पारिजातकाची गोष्ट आपल्या आज्यांना पाठ असते. कृष्णाने स्वर्गातून झाड आणलं, लावलं सत्यभामेच्या अंगणात, फुलं पडत राहिली रुक्मिणीच्या अंगणात. आणि रुक्मिणी कोण? आपल्या विदर्भाची लेक. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर हे तिचं माहेर म्हणून आजही लोक तिथे जातात. विदर्भातली म्हातारी ही गोष्ट सांगते तेव्हा फुलं आपल्या पोरीच्या दारात पडली याचा आनंद तिच्या आवाजात ऐकू येतो. कीर्तनातून, दंडारीसारख्या गावच्या लोकनाट्यातून ही गोष्ट जंगलातल्या शेवटच्या घरापर्यंत पोचलेली असते. तिला पोथी वाचता यायची गरज नाही.

मग चार वर्षांची एक परकी पोर वैदूबाईच्या अंगणात येऊन पडली. झाड दुसऱ्याच्या अंगणातलं, फूल माझ्या अंगणात. वैदूबाईला पारिजात हेच नाव सुचणार. तुम्हाला ते सुचलं तेव्हा तुमच्या मनात बहुधा रात्री उमलणारं, पहाटे गळणारं फूल होतं. तुमची मुलगीही रात्रभर वाट दाखवते आणि पहाटे थांबते. ते छानच आहे. पण तो लेखकाचा विचार झाला. वैदूबाईचा विचार अंगणाचा आहे, आणि वाचकाला तोच आधी द्या. रात्र-पहाट वाचक आपसूक जोडतील.

इथे एक गोष्ट तुमच्या हातून निसटली आहे असं मला वाटतं, आणि ती तुमच्या नऊ पानांतली सर्वात मोलाची आहे. ती चार वर्षांची होती. म्हणजे तिला आधी एक नाव होतं.

माझ्या आजीचं सांगतो. तिचं माहेरचं नाव शेवंता. लग्नात ताटातल्या तांदळावर आंगठीने लक्ष्मी लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून ती लक्ष्मी झाली. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, पोथीच्या पानावर लक्ष्मीबाई. गावात कोणाला दुसरं नाव ठाऊकही नव्हतं. भाऊबीजेच्या आसपास तिचा भाऊ यायचा. तो दारात यायच्या आधी, रस्त्यावरूनच हाक मारायचा, "शेवंते!" मी एकदा समोर होतो. ती ओसरीवर सुपाने लाखोळी पाखडत होती. हाक आली आणि सूप अधांतरीच थांबलं. दाणे सुपाच्या कडेपर्यंत सरकून आले, एकही सांडला नाही. सत्तरीची बाई ती, पण उठली ती गुडघ्यावर हात न टेकता. इतर कोणी आलं तर ती पदर सावरून दाराकडे जायची. त्या दिवशी पदर तसाच राहिला. भाऊ गेला त्या वर्षी तिने मागच्या सांदवाडीत शेवंतीचं रोप लावलं. आम्ही कोणी काही विचारलं नाही. मला आज त्याचं वाईट वाटतं.

नाव बदललं म्हणजे काय होतं, ते मी त्या सुपात पाहिलं आहे. म्हणून तुम्हाला विचारतो: तुमच्या जंगलातली झाडं नावं लक्षात ठेवतात. या मुलीचं कोणतं नाव त्यांच्या लक्षात आहे? वैदूबाईच्या बाजूच्या झाडांना पारिजात माहीत आहे, कारण ती त्यांच्यात वाढली. नदीपलीकडे तिचं जळालेलं गाव असेल, तर तिकडच्या झाडांना ती आईने ठेवलेल्या नावाने ठाऊक असणार. आणि ते नाव तिला आठवत नाही. तुमच्या जगाच्या नियमाप्रमाणे नदी ओलांडली की ती वाट चुकणार. ती काठावर का थांबते याचं कारण तुम्ही प्रश्नात कुठेच दिलेलं नाही. मला वाटतं ते हेच असावं. बसत नसेल तर सोडून द्या, कादंबरी तुमची आहे. पण बसलं तर पणजोबा, चाकरी, आंगठी, कशाचीच गरज उरत नाही. तिचं घराणं म्हणजे तिला न आठवणारं ते एक नाव.

हे वाचकापर्यंत पोचवायचं कसं, ते जरा जवळून पाहू. रोजच्या वापरात कोणी पारिजात म्हणणार नाही. गाव तिला पारी म्हणेल, वैदूबाई रागावली की "पारे!" म्हणेल. पहिल्या प्रकरणात तेवढंच येऊ द्या. वाचक समजेल, पार्वतीची पारी असेल. मग जंगलात शिरताना, साधारण असं:

'वडाशी पोचल्यावर पारीने कंदील खाली ठेवला. खोडावर तळवा टेकला. "पारिजात," ती हळूच म्हणाली, जणू दुसऱ्या कोणाची ओळख करून देत होती. तो म्हणाला, "तुझं नाव पारी ना?" "ते माणसांसाठी. माय सांगते, झाडाला अर्धं नाव सांगू नये." "माय म्हणजे वैदूबाई?" ती काही बोलली नाही. पारंब्यांमध्ये हातभर वाट मोकळी झाली होती.'

एवढ्यात वैदूबाई तिची माय आहे आणि नाही, हे आलं. नाव आलं. तुमचं अद्भुतही आलं, आणि नायक चालतोच आहे, थांबलेला नाही. छोट्या पात्राची पार्श्वभूमी चालता चालता द्यावी लागते. नाटकात मी हे फार कडकपणे पाळतो, कारण रात्री दोन वाजता मंचावर कोणी स्वतःची हकिकत सांगायला बसलं की मागच्या रांगा विड्या ओढायला उठतात.

कानाचंही थोडं बघा. झाडीबोलीत ळ चा र होतो, वऱ्हाडीत बरेचदा य होतो. पळस आमच्याकडे परस, तिकडे पयस. तुम्ही कधी ळ असलेलं फूल निवडलंत, पळस, बकुळ, तर बोलणारा कुठला आहे हे नुसत्या हाकेवरून दाखवता येईल. पारिजातमध्ये ती सोय नाही, पण पारी हाक मारायला उत्तम आहे, लांबवर ऐकू जाते.

एक काळजीची गोष्ट. तुमच्या गोषवाऱ्यात तिचं कूळ 'झाडाला देव मानणारी टोळी' असं मोघम आलं आहे. आपल्या जंगलात अशी खरी माणसं राहतात. गोंडांची कित्येक कुळनावंच झाडांवरून आहेत. टेकाम म्हणजे सागाचे, मरकाम म्हणजे आंब्याचे. कोणतं कूळ किती देवांचं, कोणाची सोयरीक कोणाशी चालते, हे सगळं नेमाने ठरलेलं असतं, आणि परधान मंडळी, म्हणजे गोंडांचे परंपरागत कथागायक, किंगरी या तंतुवाद्यावर त्या कुळांच्या कथा गातात. हे उचलून त्यात जादू मिसळायची असेल तर आधी त्या लोकांत बसा, ऐका, विचारा. नसेल जमत तर स्वतःचं कूळ कल्पून घ्या, पण टोळी म्हणू नका. त्या घरातली पोरगी तुमची कादंबरी वाचेल हे धरून लिहा. ती वाचणार आहे.

आता नऊ पानांचं. फाडू नका. वेगळ्या वहीत ठेवा, तुम्हाला लागतील. त्यातून एकच वस्तू गोष्टीत आणा. मला विचाराल तर आंगठी नको, आंगठी वाचकाला लगेच खजिन्याच्या मागे लावते. जळालेल्या गावातलं काहीतरी शरीरात उरलेलं घ्या: चूल पेटवताना ती दाराकडे तोंड करून बसते, इतकं पुरे. आणि तिच्या आईने ठेवलेलं नाव तुम्ही स्वतः ठरवा. ते कोणत्या महिन्यातलं, कोणी ठेवलं, सगळं. कादंबरीत मात्र ते लिहू नका.

शेवटी ऋतूचं. तुम्ही नदीकाठचं प्रकरण चैत्रात ठेवलं आहे: मोहफुलं टपटप पडताहेत, नदी कोरडी आहे, आणि पारिजातकाचा सडा पडला आहे. मोह बरोबर आहे, फाल्गुन-चैत्रातच पडतो, आणि रात्री गळून पहाटे वेचायचं तेही फूल, म्हणून तुम्ही दोन्ही एकत्र आणलीत हे मला समजतं. पण चैत्रात पारिजातक फुलत नाही. तो पावसाळा आणि त्यानंतरच्या महिन्यांचा. सडा हवा असेल तर प्रकरण आश्विनात न्या, मोह सोडावा लागेल. मग नदीला पाणी असेल, म्हणजे पलीकडे जायला डोंगा लागेल आणि डोंगा चालवणारा ढिवर लागेल. तो म्हातारा करा. नायक डोंग्यात बसल्यावर तो काठावरच्या मुलीकडे बघून विचारेलच, "कोनाची वं पोरी तू?" तुमच्या दोन वाचकांनी विचारलेला प्रश्न तिथे विचारला जाऊ द्या. तिने थोडा वेळ पलीकडच्या झाडांकडे बघावं आणि म्हणावं, "वैदूबाईची."